म्हणे, एसएस गंजत नाही!

“जुनी चिमणी पाडायची कशाला? आत एसएसचा लायनर सोडा आणि पंचवीस वर्षं विसरून जा.”

महाड औद्योगिक वसाहतीत बॉइलरची चिमणी गळायला लागली की हे वाक्य हमखास कानावर येतं. फॅब्रिकेटर ते कोटेशन देताना म्हणतो, मेंटेनन्सवाला साहेबांपुढे म्हणतो, साहेब मुंबईच्या हेड ऑफिसला फोनवर म्हणतात. हेड ऑफिसच्या लेखी चिमणी ही खर्चाच्या तक्त्यातली एक ओळ असते, त्यामुळे तिथून तासाभरात होकार येतो. आठवड्याभरात हायड्रा क्रेन येते, चकचकीत पत्र्याचे गोल तुकडे येतात, आणि गंजक्या धुराड्याच्या पोटात ते एकावर एक उतरवले जातात. मग एक फोटो निघतो. काम फत्ते!

या मताची मंडळी काय म्हणतात ते आधी नीट मांडू, उगाच अन्याय नको. स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा त्यांचा पहिला सिद्धांत. जुनी चिमणी उभी आहेच, ती लायनरला आधार देईल, हा दुसरा. नवी चिमणी उभारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि चार दिवसांच्या शटडाऊनमध्ये उरकतं, हा तिसरा. आजवर कुठल्याही निरीक्षकानं हरकत घेतलेली नाही, हा चौथा. आणि हे काम करणारी पोरं सराईत आहेत, त्यांची काळजी तुम्ही करू नका, हा पाचवा. पाचही वाक्यं ऐकायला इतकी शहाणी वाटतात की त्यांतलं एकही कसोटीला उतरत नाही हे चटकन ध्यानातच येत नाही.

लायनर हे तंत्र मात्र खोटं नाही. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या आणि त्यांचा धूर विटांच्या चिमण्यांतून जाई. पुढे शेगड्यांच्या जागी तेलाचे आणि गॅसचे बॉइलर आले. त्यांचा धूर थंड आणि ओलसर. तो जुन्या रुंद चिमणीत वर जाता जाता निवायचा, त्याचं पाणी व्हायचं, विटा आणि चुना भिजून सडायचा. त्यावर उपाय म्हणून आत स्टेनलेसची नळी सोडू लागले, आणि तो उपाय चाललाही. पण तिथली विटांची चिमणी स्वतःच्या पायावर भक्कम उभी होती, आणि आतून जाणारा धूर होता घरगुती तेल-गॅसचा, गंधक फारच कमी असलेला. आमच्याकडे सहा-आठ मिलिमीटरच्या एमएस म्हणजे साध्या पोलादी पत्र्याचं धुराडं, आणि आतून फर्नेस ऑइलचा, कोळशाचा नाहीतर ब्रिकेटचा धूर. औषध तेवढं उसनं आणलं. रोग कुठला आहे ते कुणी विचारलंच नाही.

म्हणून पहिला प्रश्न लायनरचा नाहीच. पहिला प्रश्न असा की तुमची चिमणी सडली कशानं? याचं उत्तर दहांपैकी नऊ ठिकाणी “जुनी झाली हो” असं मिळतं. काय हे निदान! जुनी तर बॉइलरची भट्टीही झाली, ती का नाही सडली?

चिमणी सडते ती धुरातल्या आम्लानं. फर्नेस ऑइलमध्ये साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत गंधक असतं. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो, त्याचा शेकडा एक-दोन भाग ट्रायऑक्साइड होतो, आणि धुरातल्या वाफेशी गाठ पडली की त्याचं गंधकाम्ल बनतं. धूर गरम आहे तोवर हे आम्ल वायुरूपात राहतं आणि निघून जातं. पत्र्याचं तापमान साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली उतरलं की ते पत्र्यावर दवासारखं धरतं. हा झाला आम्लाचा दवबिंदू. आता आठवून पाहा, धुरातली उष्णता परत वापरणारा इकॉनॉमायझर तुम्ही कधी बसवला? धूर २३० अंशांवरून १५० वर आणला, इंधन वाचलं, ऊर्जाबचतीचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. त्याच दिवसापासून उघड्या पत्र्याची तुमची चिमणी आतून पाझरू लागली. त्यात आमचे कारखाने बॅचवर चालणारे. बॉइलर रात्री बंद, सकाळी चालू. प्रत्येक थंड सुरुवातीला चिमणी दवबिंदू खालून वर ओलांडते आणि प्रत्येक वेळी आम्लात न्हाते. फ्लँजच्या सांध्यांतून बाहेर उतरलेले पिवळट-हिरवट ओघळ वर्षानुवर्षं दिसत होते. त्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ॲल्युमिनियम पेंटचा हात फिरला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

हे कारण तसंच ठेवून आत लायनर सोडला, तर लायनरही त्याच आम्लात उभा राहणार. इथे पहिला सिद्धांत पुढे येतो: एसएस गंजत नाही.

कोण म्हणतं गंजत नाही? स्टेनलेस टिकतं ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. हा थर क्लोराइडनं ठिकठिकाणी फुटतो आणि तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. ताणाखालच्या पत्र्याला तर सरळ चिरा जातात. गरम आणि दाट गंधकाम्लापुढे ३०४ सोडाच, मॉलिब्डेनम घातलेलं महागडं ३१६एलसुद्धा फार काळ तग धरत नाही. शेतीच्या टाकाऊ मालाच्या ब्रिकेटमधून पोटॅश आणि क्लोरिन येतं. क्लोरिनयुक्त सॉल्व्हंटचा कचरा जाळला तर धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल येतं, आणि त्या आम्लापुढे नेहमीच्या स्टेनलेसचं काही चालत नाही. हे महाडकरांना मी सांगायचं? ज्या कारखान्यात एचसीएलच्या स्क्रबरचं धुराडं पीपी-एफआरपीचं आहे, त्याच कारखान्यातला माणूस बॉइलरजवळ आला की “एसएसला काही होत नाही” म्हणतो. काही होत नसेल तर स्क्रबरला एसएस का लावलं नाहीत? तिथे प्लॅस्टिक आणि इथे स्टील, हा भेद धुरातलं रसायन पाहून केला होता ना? मग बॉइलरपाशी येताच ते रसायन कुठे गेलं?

आणि जे आत गेलं ते ३१६एल होतं याची खात्री कुणी केली? साइटवर परीक्षा होते ती लोहचुंबकाची. चुंबक चिकटला नाही, माल अस्सल! पण निकेल वाचवून मँगनीजवर बनवलेल्या स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्या परीक्षेत २०२, ३०४ आणि ३१६ तिघंही पहिल्या वर्गात पास. खरी ओळख पटते ती मिलच्या दाखल्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबराशी ताडून, आणि हातातल्या एक्स-रे यंत्रानं पत्र्यातलं निकेल-मॉलिब्डेनम मोजून. ही मोजणी काही मिनिटांची आहे. लाखोंच्या कामात ती मिनिटं कुणाला परवडत नाहीत?

जोडकामाचं तर विचारूच नका. ज्या ग्राइंडरच्या चकतीनं सकाळी एमएसचा अँगल घासला, तीच चकती दुपारी एसएसच्या वेल्डवर फिरते. लोखंडाचे कण एसएसच्या अंगात रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उठतात. वेल्डच्या दोन्ही बाजूंना निळसर-तपकिरी पट्टा पडतो. तिथला संरक्षक थर बिघडलेला असतो. पिकलिंग पेस्ट लावून, धुऊन तो पट्टा काढायचा असतो. तो न काढता लायनर आत जातो, आणि आत गेल्यावर बघणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसरा मुद्दा आधाराचा. “जुनी चिमणी उभी आहेच की.” हे वाक्य निदान महाडात तरी कुणी उच्चारू नये. सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूलही उभाच होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो दोन एसटी गाड्यांसकट पुरात गेला. उभं असणं हा मजबुतीचा पुरावा धरायचा, तर पडलेली प्रत्येक वास्तू पडण्याच्या आदल्या क्षणापर्यंत मजबूतच होती म्हणायची. आणि हा प्रश्न वयाचाही नाही. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात कोसळून सोळा जणांचा जीव घेणारी पाच मजली इमारत जेमतेम दहा वर्षांची होती.

आता थोडा हिशेब करू. ८०० मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा, ३० मीटर उंचीचा लायनर भरतो सुमारे १८०० किलो. वर इन्सुलेशन, रिंगा, कंस. हे पावणेदोन-दोन टनांचं ओझं कुणाच्या खांद्यावर? ज्याच्या मूळ सहा मिलिमीटर पत्र्यापैकी कितीक ठिकाणी दोनही उरले नसतील, त्या धुराड्याच्या. अल्ट्रासॉनिक जाडीमापन केलंत का? प्रत्येक फ्लँजच्या वर आणि खाली, चारही दिशांना? राखेच्या दरवाजाजवळ, जिथे आम्ल आणि राखेचा चिखल साचतो? वरच्या तिसऱ्या हिश्शात, जिथे धूर सगळ्यांत थंड असतो आणि सड सगळ्यांत जास्त? की खालून हात पोचेल तेवढ्यात दोन-चार आकडे घेतले आणि बाकीचे टेबलावर बसून भरले? बेसप्लेटखालचे फाउंडेशन बोल्ट शेवटचे कुणी उघडून पाहिले?

पोलादी चिमण्यांसाठी आयएस ६५३३ हे भारतीय मानक आहे. वारा, कंपनं, गंजासाठी सोडायची जादा जाडी, सगळं त्यात आहे. लायनर घातला की धुराड्याचं वजन बदलतं, म्हणजे वाऱ्यात डोलण्याची लयही बदलते. तो हिशेब नव्यानं मांडावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आलं आणि ताशी शंभर किलोमीटरवरचे वारे या जिल्ह्यानं अंगावर घेतले. पुढचं वादळ येताना तुमचं कोटेशन वाचून येणार आहे का?

या सगळ्यात मोठी गोम अशी की लायनर सड झाकतो. पोखरलेल्या दातावर कीड न काढता टोपी बसवावी, तसा हा प्रकार. काल आतून टॉर्च मारला की भोकं दिसत होती, आज चकचकीत पत्रा दिसतो. सड तिथेच आहे, पाहण्याची वाट मात्र बंद झाली. शिवाय महाडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. लायनर आणि जुना पत्रा यांच्यामधल्या फटीवर वर नीट झाकण नसेल, खाली निचऱ्याची नळी नसेल, तर चार महिने त्या फटीत पाणी उतरत राहणार, इन्सुलेशन भिजणार, आणि आतून न सडलेला भाग आता बाहेरच्या पाण्यानं सडणार. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

तिसरा मुद्दा: स्वस्त आणि झटपट. झटपट कसं होतं ते सांगतो. जे करायला हवं ते गाळलं की काम झटपटच होतं. स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाहून जास्त फुगतं. ३० मीटरचा लायनर ३० अंशांवरून १८० वर गेला की सुमारे ७६ मिलिमीटर लांब होतो. बाहेरचा पत्रा इन्सुलेशनमुळे वीस अंशच तापला तर वाढतो अवघा सात. म्हणजे दोघांत चार बोटांचं अंतर पडणार. लायनर एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला मोकळा सोडला, मध्ये सरकते गाइड दिले, तर हे अंतर निमूट सामावतं. पण घाईत काय होतं? खाली वेल्ड, वर वेल्ड, मध्येही चार ठिकाणी टाके, “हलायला नको” म्हणून. बॉइलर रोज तापणार, रोज निवणार, लायनर रोज सात सेंटिमीटर जागा मागणार. ती मिळाली नाही की तो वाकणार किंवा जोड फाडणार. फाटलेल्या जोडातून आम्लाचा धूर कुठे जाईल? त्याच जुन्या, दोन मिलिमीटर उरलेल्या पत्र्यावर.

इन्सुलेशन तर सरसकट वगळलं जातं. “एअर गॅप आहे ना!” लायनरचा पत्रा दवबिंदूच्या वर ठेवायचा, हाच तर या सगळ्या खटाटोपाचा हेतू. रॉकवूल भरल्याशिवाय तो कसा राहणार? आणि रॉकवूलला जागा हवी म्हणून लायनर आणखी बारीक होतो. एक मीटरच्या चिमणीत ८०० मिलिमीटरचा लायनर बसवला की आतलं क्षेत्रफळ ६४ टक्के उरतं, तेवढाच धूर दीडपट वेगानं जावा लागतो आणि घर्षण जवळजवळ तिप्पट होतं. हा भार धूर ओढणाऱ्या आयडी फॅननं उचलायचा. त्याची मोटर तपासली का? नसेल तर भट्टीत दाब उलटेल, दाराच्या फटींतून धूर बॉइलर हाउसमध्ये येईल, आणि दोष दिला जाईल कोळशाला. काम स्वस्त पडतं ते लायनर विकत घेताना. विजेचं बिल, फुकट गेलेलं इंधन आणि दोन वर्षांनी पुन्हा लागणारी हायड्रा धरली तर खिशाला किती चाट बसते, ते त्या कोटेशनवर कुठे लिहिलेलं असतं?

चौथा मुद्दा निरीक्षकाचा. बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक येतो तो बॉइलरचे दाबाखालचे भाग पाहायला: ड्रम, नळ्या, झडपा. चिमणी दाबाखाली नसते. तिची जाडी मोजणं हे त्याचं कामच नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहतं ते चिमणीची उंची आणि धुरातली घाण. उंचीचा नियमही बघा. चिमणीची उंची मीटरमध्ये हवी असेल तर ताशी निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ घात काढून त्याला १४ नं गुणायचं. ताशी पाच टन वाफेचा बॉइलर फर्नेस ऑइलवर पूर्ण भारानं चालला तर सुमारे २३ किलो सल्फर डायऑक्साइड सोडतो. उत्तर येतं ३६ मीटर. हे ३६ मीटर संमतीपत्रावर असतात. पण वरचे चार मीटर सडले म्हणून लायनर घालताना छाटून टाकले, तर कागद कोण बदलतो? धुराचा नमुना घेण्याचं भोक जुन्या पत्र्याला होतं. लायनर आला की ते आंधळं झालं. ते आत नव्यानं पाडून बाहेर जोडलं का? नसेल तर नमुना घेणारा त्या भोकातून धूर मोजतोय की फटीतली हवा?

महाड ही डोंगरांनी वेढलेली वाटी आहे. हिवाळ्याच्या पहाटे गार हवा खाली बसते आणि धूर वर जायचं नाव घेत नाही. चिमणीचा एकेक मीटर बिरवाडीच्या, कांबळ्याच्या, जिते-आसनपोईच्या श्वासाचा प्रश्न आहे. “हरकत घेतली नाही” याचा अर्थ “विचारलंच नाही” एवढाच होतो. सावित्रीचा तो पूलही त्याच वर्षीच्या मे महिन्यात तपासून वाहतुकीला योग्य ठरवला होता. कुणाच्या तरी शिक्क्यावर आपली अक्कल गहाण टाकण्याची किंमत या तालुक्याला शिकवायला हवी आहे का?

पाचव्या मुद्द्याची मात्र चीड येते. “पोरं सराईत आहेत.” कसली सराईत? चिमणीत उतरून आर्गॉन वेल्डिंग करण्यात? आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. तो बंद धुराड्याच्या तळाशी साठतो आणि तिथला प्राणवायू हुसकावून लावतो. त्याला वास नाही, रंग नाही. पहिला श्वास कमी पडला हे कळेपर्यंत माणूस खाली बसलेला असतो, आणि त्याला काढायला जाणारा दुसरा त्याच्या शेजारी. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असतं, ते वेगळंच. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या यादीत घातलं. कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमानं फ्लूचं नाव घेऊन सांगितलं होतं की हवा तपासून, लेखी दाखला घेऊन, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोर बांधूनच आत उतरायचं. हे लिहून पाऊणशे वर्षं झाली! तरी पोलादपूरच्या वाडीवरून आलेला वीस वर्षांचा हेल्पर तोंडाला रुमाल बांधून धुराड्यात उतरतो, आणि सेफ्टी परमिटवरची सही तो वर आल्यावर होते. याच वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये औषधनिर्मितीच्या एका कारखान्याच्या आगीत अकरा कामगार गेले. त्यानंतरही “सराईत” हा शब्द तोंडातून निघतो, याला काय म्हणावं?

एवढं ऐकल्यावर ठेवणीतला शेवटचा प्रश्न येतो: “मग काय, सगळ्या चिमण्या पाडायच्या?” ज्यांची मुळं सडली त्या पाडायच्याच. बाकीच्यांचं काय ते मोजून ठरवायचं. आधी धुराचं पृथक्करण आणि वर्षभराची तापमानं, तीही बंद-चालूच्या वेळांसकट. मग वरपासून खालपर्यंत जाडीमापन आणि पायाची तपासणी. मग आयएस ६५३३ प्रमाणे नवा हिशेब, ज्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे. धूर मानवणारा असेल आणि पत्रा ओझं पेलणारा असेल तर खुशाल लायनर घाला: ग्रेड मोजून, एक टोक मोकळं ठेवून, इन्सुलेशन भरून, खाली निचरा आणि वर झाकण देऊन, नमुन्याचं भोक नव्यानं काढून. धूर आम्लाचाच राहणार असेल तर इंधन बदला, धुराचं तापमान सांभाळा, नाहीतर त्या आम्लाला पुरून उरेल असं दुसरं अस्तर निवडा. आणि पत्रा संपला असेल तर नवी चिमणी उभारा. यात कठीण काय आहे? कठीण आहे ती एकच गोष्ट: हेड ऑफिसला फोन करून खरं सांगणं.

लायनर म्हणजे जुन्या चिमणीची दुरुस्ती, हा समजच मुळात चुकीचा आहे. लायनर ही जुन्या चिमणीच्या जिवावर उभी राहणारी दुसरी चिमणी आहे. पहिलीत दम नसेल तर दुसरी तिला वाचवत नाही, तिचं ओझं होते. सड कशानं झाली ते न शोधता, किती झाली ते न मोजता, जो आत चकचकीत पत्रा सोडतो तो चिमणी वाचवत नाही. तो फक्त आपल्या कारकिर्दीपुरती पडझड पुढे ढकलतो. ती पडेल तेव्हा तो बदली होऊन दुसऱ्या प्लांटवर गेलेला असेल, फॅब्रिकेटरचा फोन लागत नसेल, आणि खाली सापडेल तो हेल्पर. तेव्हा पुढच्या वेळी कुणी “एसएस टाका आणि विसरून जा” म्हणालं, तर त्याच्याकडे जाडीमापनाचा कागद मागा. कागद नसेल तर बॉइलर बंद ठेवा आणि त्या माणसाला दार दाखवा.